ताण तोडल्यावरही संत्र्याची झाडं का उठत नाहीत?

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंची परिस्थिती आधी सगळ्यांसाठी थोडक्यात मांडतो. काटोलकडचा बगिचा, ३८० झाडं, वय ११ वर्षं, जंबेरी खुंटावरची कलमं. जमीन काळी भारी, खाली दीड-दोन हातांवर चुनखडी. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला फुलं यावीत म्हणून, मेच्या सुरुवातीला ओलित बंद केलं (यालाच ताण देणं म्हणतात) आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी सोडलं, म्हणजे ताण तोडला. बहुतेक झाडं आठ-दहा दिवसांत तरारली, नवती (कोवळी पालवी) फुटली. पस्तीस-चाळीस झाडं मात्र तशीच मलूल आहेत. त्यातल्या काहींची पानं पिवळी, काहींचे शेंडे वाळत चाललेत, आणि पाच-सहा झाडं अशी की पानं कमी आणि फुलंच जास्त. दुकानदार म्हणतो अँटिबायोटिक टोचा. त्यातच इटलीतल्या वाळलेल्या ऑलिव्हच्या बागांचा व्हिडिओ पाहण्यात आला. दुष्काळ आणि जिवाणू एकत्र आले की झाड कसं जातं, ते त्यात दाखवलंय. भाऊ विचारतायत: आमच्याकडे तेच आलंय का? पाणी वाढवू, औषध टोचू की झाडं काढून टाकू?

मी कृषी पदवीधर आहे. काटोल, कळमेश्वर, सावनेर, नरखेड या भागातल्या संत्रा बगिचांना सव्वीस वर्षांपासून सल्ला देतोय आणि कळमेश्वर तालुक्यात माझा स्वतःचाही छोटा बगिचा आहे. दरवर्षी जून-जुलैत मला या प्रश्नाचं कुठलं ना कुठलं रूप भेटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

भाऊ, तुमच्या झाडांना पाणी कमी पडतंय असं मला वाटत नाही. शेजारच्या ओळीला तेवढंच पाणी मिळालं आणि ती उठली. ही चाळीस झाडं दिलेलं पाणी उचलू शकत नाहीयेत. का उचलू शकत नाहीत, हे कळल्याशिवाय पाणी वाढवणं, औषध देणं किंवा कुऱ्हाड लावणं यातलं काहीही केलं तरी तो अंदाजावर केलेला खर्च ठरेल.

मी बगिचा पाहिलेला नाही, तेव्हा काही गोष्टी तुमच्याच डोळ्यांवर सोडाव्या लागतील. झाडं एकाच सखल पट्ट्यात आहेत की बगिचाभर विखुरलेली आहेत? कलमाचा डोळा, म्हणजे खुंटावर कलम बांधल्याची जागा, मातीत गाडला गेलाय का? कलमं एकाच खेपेत आणली होती का? मागच्या हंगामात याच झाडांची फळं कशी होती? या चार उत्तरांवर पुढचं बरंच ठरतं.

आता त्या ऑलिव्हबद्दल, कारण तुमचा धागा चुकीचा नाही. इटलीच्या आग्नेय टोकाला पुलिया प्रांत आहे. तिथल्या सालेंतो भागात, गल्लीपोली गावाच्या आसपास, २०१३ साली ऑलिव्हची झाडं शेंड्याकडून वाळत असल्याचं लक्षात आलं. शेकडो वर्षांची झाडं. कारण निघालं झायलेला फास्टिडिओसा नावाचा जिवाणू. तो झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये, म्हणजे काष्ठवाहिन्यांमध्ये राहतो. तुडतुड्यासारखी एक कीड तो पसरवते. तिची पिल्लं गवतावर स्वतःभोवती थुंकीसारखा फेस करून बसतात आणि प्रौढ झाल्यावर झाडांवर जातात.

आता हे पाहा. ऑलिव्ह हे दुष्काळ सोसणाऱ्या फळझाडांमध्ये अगदी वरच्या रांगेतलं झाड. पान लहान, जाड, खालून लवीने झाकलेलं. खोडातल्या पाण्याच्या नळ्या बारीक, त्यामुळे माती कोरडी पडून ओढ वाढली तरी नळीतला पाण्याचा धागा सहजी तुटत नाही. मोठ्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला की ती नळी निकामी होते; बारीक नळ्यांत हा धोका कमी. मग असं चिवट झाड रोगाने इतक्या लवकर का पडलं? कारण तहान सोसायची त्याची ताकद ज्या नळ्यांमध्ये होती, जिवाणूने घर केलं ते त्याच नळ्यांमध्ये. जिवाणूंचे चिकट थर नळीत साचतात. त्यांना अडवायला झाडही स्वतःकडून डिंक आणि फुगवटे तयार करून नळ्या बुजवतं. निम्म्या नळ्या बंद पडल्या तरी हिवाळ्यात भागतं, कारण मागणी कमी असते. उन्हाळा आला, पाऊस लांबला, की उरलेल्या नळ्यांवर सगळा भार येतो, त्यात बुडबुडे शिरतात आणि शेंडे भाजल्यासारखे वाळतात. म्हणून रोगाची लक्षणं कोरड्या दिवसांत उफाळून दिसतात. तिथली लेच्चिनो नावाची जात तुलनेने तगली. तिच्यात जिवाणूंची संख्या कमी राहते आणि बुजलेल्या नळ्याही कमी आढळतात. ओलियारोला आणि चेल्लिना या जुन्या स्थानिक जाती मात्र मोठ्या प्रमाणात गेल्या.

हाच जिवाणू ब्राझीलमध्ये मोसंबीवर्गीय झाडांना त्रास देतो, हे खरं आहे. पण आपल्या विदर्भातल्या संत्र्याला छळणारा जिवाणू वेगळा आहे आणि तो झाडाच्या दुसऱ्या नळ्यांत राहतो. रोगाचं नाव ग्रीनिंग. चिनी शेतकरी त्याला पिवळ्या फांदीचा रोग म्हणायचे. त्याचा जिवाणू अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये, म्हणजे सालीच्या आतल्या बाजूच्या रसवाहिन्यांमध्ये असतो. पसरवणारी कीड म्हणजे सिट्रस सायला. ही कीड ग्रीनिंग पसरवते हे १९६७ मध्ये पुण्यात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनीच दाखवून दिलं. म्हणजे रोग आपल्याकडे नवा नाही, आपण त्याला नावाने ओळखायला उशीर केला. कितीतरी वर्षं आपण सरसकट सगळ्याला 'शेंडेमर' म्हणत आलो.

ऑलिव्हची चिवटाई त्याच्या पाण्याच्या नळ्यांत, तर संत्र्याची कशात? संत्र्याची तंतुमुळं उथळ, बहुतेक वरच्या दीड फुटात. पान मोठं, सदाहरित. हे झाड ताण सोसतं ते साठ्यावर. आपण ताण देतो तेव्हा वाढ थांबते, पण पानं काही दिवस थोडंफार अन्न करत राहतात, आणि ते अन्न फांद्यांत, खोडात, मुळांत साठतं. पाणी सोडलं की आधी नवी तंतुमुळं फुटतात, मग नवती आणि फुलं. हे सगळं त्या साठ्यातून होतं. म्हणजे बहार धरणं हे झाडाच्या साठ्यावर घेतलेलं कर्ज आहे, आणि निरोगी झाड ते फेडतं.

ग्रीनिंग झालेल्या झाडात हा साठा चुकीच्या जागी अडकतो. रसवाहिन्या बुजतात, त्यातही झाडाने रोगाला अडवण्यासाठी स्वतःच टाकलेल्या बुचांचा वाटा मोठा असतो. पानात तयार झालेली साखर खाली उतरत नाही, पानातच पिठूळ होऊन साचते. पान जाड, करकरीत होतं. वर पीठ साठलेलं आणि खाली मुळं उपाशी. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला. तिथल्या अभ्यासात, पानांवर ठळक लक्षणं यायच्या आधीच ३० ते ५० टक्के तंतुमुळं गेलेली आढळली. तेव्हा असं झाड ओल्या मातीत उभं राहूनही दुष्काळात असतं. त्यावर आपण मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या वर असताना, महिना-सव्वा महिन्याचा ताण लादतो. काळी जमीन भेगाळते, भेगांबरोबर उरलीसुरली तंतुमुळंही तुटतात. मग जूनमध्ये पाणी सोडलं तर प्यायला तोंडच नसतं, आणि नवी मुळं फोडायला साठा नसतो.

तुमची ती पाच-सहा फुलांनी लदलेली झाडं मला सगळ्यात जास्त काळजीची वाटतात. शेतकरी त्यांच्याकडे बघून खुश होतो की ताण छान बसला. पण पालवी न येता नुसती फुलं येणं, तीही फांद्या निम्म्या उघड्या असताना, हे झाड खचल्याचं लक्षण असतं. त्यातली बहुतेक फुलं-फळं गळतात आणि गळण्याआधी उरलेलं अन्न घेऊन जातात.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर ऑलिव्हमध्ये जिवाणू पाण्याची वाट अडवतो, संत्र्यात अन्नाची, पण दोन्हीकडे झाड शेवटी तहानेनेच वाळताना दिसतं. म्हणून वरून बघून निदान होत नाही.

आणि आता तिसऱ्या संशयिताबद्दल, कारण नागपूरच्या भारी जमिनीत माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दोषी तोच निघतो. तो जिवाणू नाही. तो म्हणजे फायटोप्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव, आपल्याकडच्या डिंक्या आणि मूळकूज या रोगांचं कारण. पाणी साचणाऱ्या जमिनीत तो वाढतो, आणि त्याचंही वरचं चित्र हेच: पिवळी पानं, वाळणारे शेंडे, पाणी देऊनही मलूल झाड. मुळं सडलेली असल्यामुळे झाड ताण सोसू शकत नाही. त्याच्यावर जास्त पाणी सोडणं म्हणजे रोगाला खाऊ घालणं. ग्रीनिंगवर इलाज नाही, पण डिंक्या वेळेत धरला तर झाड वाचतं. म्हणून आधी याचाच निकाल लावा. चाळीसपैकी तीस झाडं यानेच आजारी निघाली तर मला आनंदच होईल.

तेव्हा उद्या सकाळी फावडं घ्या. प्रयोगशाळा नंतर. पाच आजारी आणि दोन निरोगी झाडं निवडा. आधी खोडाजवळची माती बोटांनी बाजूला करा, कलमाचा डोळा कुठे आहे बघा. तो मातीखाली असेल, साल काळपट-ओली असेल, खरवडल्यावर आत तपकिरी डाग आणि डिंकाचे थेंब दिसत असतील तर उत्तर तिथेच मिळालं. मग झाडाच्या घेराच्या कडेला, सावली संपते तिथे, फूटभर खोल खणा. निरोगी झाडाची तंतुमुळं पांढरट-पिवळी आणि भरपूर असतात. मूळकुजीत मूळ दोन बोटांत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरतो, वासही कुजका येतो. ग्रीनिंगमध्ये मुळं कुजकी असतीलच असं नाही. ती मोजकीच, विरळ असतात, माती ओली असूनही नवी पांढरी टोकं दिसत नाहीत. खणताना एक गोष्ट आणखी बघा. नऊ इंचांखालची माती मुठीत दाबा. वर चिखल आणि खाली कोरडी ढेकळं, असं भेगाळलेल्या जमिनीत बऱ्याचदा होतं. पाणी भेगेतून सरळ खाली जातं आणि मुळांच्या थराला लागतच नाही. तसं असेल तर रोगाआधी ओलिताची पद्धत सुधारायला हवी.

मग पानं. इथे आपल्याकडचे निम्मे लोक फसतात, कारण चुनखडीच्या जमिनीत जस्त आणि लोहाची कमतरता घरोघरी आहे. जस्ताच्या कमतरतेत पिवळेपणा शिरांच्या मधोमध असतो, पानाच्या दोन्ही अंगांना सारखा, आणि नवी पानं लहान, टोकदार होतात. ग्रीनिंगचा पिवळेपणा ठिगळांसारखा, दोन अंगांना वेगवेगळा. खात्री करायची सोपी युक्ती आहे. पानाच्या मधल्या शिरेच्या एका बाजूला पेनाने छोटा गोल काढा, आणि बरोबर समोर दुसऱ्या बाजूला तेवढाच गोल. दोन्ही गोलांतला रंग सारखा असेल तर बहुधा अन्नद्रव्याची कमतरता. एक हिरवा आणि एक पिवळा असेल, आणि असं पाच-सहा पानांवर दिसत असेल, तर संशय पक्का धरा. झाडाची एखादीच फांदी पिवळी आणि बाकी झाड हिरवं, हेही ग्रीनिंगचं जुनं लक्षण. मागच्या हंगामातली फळं आठवा: एका बाजूला झुकलेली, लहान, बुडाशी हिरवीच राहिलेली, आत बिया काळ्या-पोचट, चव कडवट. व्यापाऱ्याने ज्या झाडांची फळं बाजूला काढून ठेवली होती ती झाडं आणि आजची मलूल झाडं एकच आहेत का, हे तुम्हीच सांगू शकता.

आयोडीनची चाचणी काही जण करतात. औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून त्यात पानाचा ताजा कापलेला तुकडा टाकायचा. साचलेल्या पिठामुळे कापलेली कड काळी पडते. मीही करतो, पण तिच्यावर एकट्यावर निर्णय घेत नाही. डिंक्याने खोडाची साल चौफेर गेली असेल तरी अन्न खाली उतरत नाही आणि पानं अशीच काळी पडतात. खोड स्वच्छ असलेल्या झाडावरच या चाचणीला अर्थ आहे.

पक्कं उत्तर पीसीआर तपासणीत, म्हणजे पानातल्या जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत, मिळतं. नागपूरला अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, ती याच पिकांसाठी आहे. आधी चौकशी करून, ठिगळ असलेली पक्व पानं देठासकट, झाडागणिक वेगळ्या पिशवीत, सावलीत ठेवून न्या. एक काळजी घ्या. कडक उन्हाळ्यानंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात जिवाणूंची संख्या कमी असते आणि रोग असूनही 'नाही' असं उत्तर येऊ शकतं. आत्ता 'नाही' आलं तरी संशयित झाडांचे नमुने पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पुन्हा द्या. लक्षणंही थंडीत जास्त स्पष्ट दिसतात.

हे सगळं मी एवढ्या आग्रहाने का लिहितोय तेही सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी सावनेरकडच्या एका काकांना मी सल्ला देत होतो. त्यांचा आंबिया (थंडीच्या शेवटी येणारा बहार) गळून गेला होता, मृग हवाच होता. बगिच्याच्या एका कोपऱ्यातली झाडं फुलायला कुचराई करायची. मी सांगितलं, बाकीच्यांना पाणी द्या, या कोपऱ्याला अजून दहा दिवस ताणावर ठेवा. पुस्तकात भारी जमिनीला जास्त ताण लिहिलेला असतो, मी त्यावर विसंबलो. त्यांनी ठेवलं. पाणी सोडल्यावर त्यातली बावीस झाडं उठलीच नाहीत. पोळ्यापर्यंत ती काड्या झाली होती. नंतर खणून बघितलं तर मुळं नावाला होती, आणि कडेच्या झाडांच्या पानांत ग्रीनिंग निघालं. ती झाडं फुलत नव्हती ती ताण कमी पडला म्हणून नव्हे, त्यांच्याकडे फुलायला काही उरलंच नव्हतं म्हणून. मी ताण द्यायच्या आधी एक फावडं मारलं असतं तर ती झाडं निदान तीन-चार हंगाम आणखी देती. काका मला एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून कुठल्याही बगिच्यात मूळ बघितल्याशिवाय मी ताणाचे दिवस सांगत नाही.

आता तुमच्या तीन प्रश्नांकडे येतो.

पाणी वाढवू का? एकूण पाणी वाढवू नका, वाटून द्या. मुळं कमी असलेलं झाड एका वेळी थोडंच पिऊ शकतं. ठिबक असेल तर आठवड्यातून दोनदा चार-चार तास चालवण्यापेक्षा तेवढंच पाणी रोज थोडं थोडं द्या. फ्लोरिडातले शेतकरीही ग्रीनिंगच्या बागांत याच मार्गाने आले: पाणी आणि खत दोन्ही कमी मात्रेत, पण वारंवार. पाटाने देत असाल तर दुहेरी आळं करा. आतलं आळं खोडाभोवती कोरडं आणि पाणी फक्त बाहेरच्या कड्यात. खोडाला पाणी टेकू द्यायचं नाही, हा नियम रोग कुठलाही निघाला तरी लागू आहे. झाडाखाली गवत, कुटार, वाळलेला पाला यांचं चार बोटं आच्छादन घाला, खोडापासून वीतभर सोडून. आता पावसाळा लागतोय, तेव्हा सखल भागातून पाणी निघून जायला चर आधी काढा. मृगाचे दोन-तीन जोराचे पाऊस झाले की काळ्या जमिनीत चर काढणं जमत नाही.

त्या चाळीस झाडांवर यंदा बहार धरू नका. फुलं हाताने झटका, लहान फळं काढा. जिवावर येतं, मला माहीत आहे. पण यंदाचं फळ हे त्या झाडाच्या मुळांच्या तोंडचा घास आहे. वाळलेली सल, म्हणजे मेलेल्या काड्या काढा, कापाच्या जागी बोर्डो मलम (कृती खाली दिलीय) लावा. हिरव्या फांद्या मात्र आत्ता जास्त छाटू नका, पान हेच त्याचं स्वयंपाकघर आहे. युरियाचा डोस देऊन झाड उठवायचा मोह टाळा. वर कोवळी नवती भसकन येते, खाली मूळ नसतं, आणि कोवळ्या नवतीवर सायला बसतो. जस्त, लोह, मॅंगनीजची फवारणी चालेल, त्याने कमतरतेचा भाग वेगळा होऊन उरलेलं चित्र स्पष्ट होतं.

डिंक्या निघाला तर रोगट साल धारदार चाकूने खरवडून बोर्डो मलम लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. निरोगी झाडांच्या खोडांनाही पावसाळ्याआधी आणि नंतर, तीन फुटांपर्यंत. गाडलेला कलमाचा डोळा उघडा करा. मुळांसाठी मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब किंवा फोसेटिल या बुरशीनाशकांची आळवणी-फवारणी लेबलवरच्या मात्रेने करा. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी शेणखतात वाढवून द्यायची असेल तर रासायनिक बुरशीनाशकानंतर लगेच नको, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

अँटिबायोटिक टोचू का? माझं स्पष्ट मत: नाही. डिंक्यावर ते चालणारच नाही, कारण तो जिवाणू नाही, आणि तुमचं निदान अजून झालेलंच नाही. ग्रीनिंगमध्ये टेट्रासायक्लिन गटाच्या औषधाने जिवाणू काही काळ दबतो, मरून संपत नाही. औषध थांबलं की पुन्हा वाढतो. मेलेली मुळं आणि बुजलेल्या नळ्या त्याने परत येत नाहीत. खोडाला भोकं पडतात ती वेगळीच, आणि आपल्या भारी ओल्या जमिनीत त्या जखमांतून दुसरे रोग शिरतात. शिवाय हीच औषधं माणसांच्या दवाखान्यातही लागतात. ती शेतात ओतून निकामी करण्यात आपला सगळ्यांचा तोटा आहे. तो पैसा सायलावर आणि पुढच्या रोपांवर घाला.

सायलाबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण ताणाशी त्याचा थेट संबंध आहे आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. ही कीड तीन-चार मिलिमीटरची, तपकिरी. पानावर डोकं खाली आणि शेपूट वर अशी तिरकी बसते, म्हणून लगेच ओळखू येते. अंडी फक्त कोवळ्या फुटव्यावर घालते. एक मादी आयुष्यात आठशेपर्यंत अंडी घालू शकते. पिल्लं पांढऱ्या मेणाचे दोरे सोडतात. रोगट झाडावर वाढलेलं पिल्लू मोठं होऊन उडतं तेव्हा जिवाणू घेऊनच उडतं, आणि जन्मभर पसरवतं. आता विचार करा. ताण तोडला की अख्ख्या बगिच्याला एकाच आठवड्यात नवती येते. सायलासाठी तो मेजवानीचा दिवस. म्हणजे ताणाने आजारी झाड खचतं, आणि त्याच ताणाच्या शेवटी येणाऱ्या नवतीतून रोग निरोगी झाडांवर जातो. पुलियात लोक वसंत ऋतूत गवत नांगरून त्या फेसवाल्या किडीची पिल्लं मारतात, कारण ती तेव्हा एकाच जागी सापडतात. आपल्याकडे ती वेळ म्हणजे नवतीचे डोळे फुगण्याची. फवारणी करायची तर डोळे फुगताना, कोवळी पानं उलगडायच्या आत. इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झामसारखी औषधं लेबल बघून वापरा. ही दोन्ही एकाच गटातली आहेत, तेव्हा आलटून पालटून वापरायची ती दुसऱ्या गटाच्या औषधाबरोबर. फुलं उमललेली असताना ही औषधं मारू नका, मधमाश्या मरतात. आत्ता तुमच्याकडे फुलं आहेत, तेव्हा संध्याकाळी निंबोळी अर्कावर भागवा आणि पुढच्या नवतीला वेळ साधा. सायला खाणारे ढालकिडे दिसत असतील तर त्यांना राहू द्या. आणि बांधावर गोडलिंबाचं, म्हणजे कढीपत्त्याचं झाड असेल तर त्याच्या शेंड्यांवर नजर ठेवा. सायला तिथे मुक्काम करतो.

झाडं काढू का? आज नको. तपासणीत ग्रीनिंग पक्कं निघालं आणि रोगट झाडं थोडी असली, म्हणजे ३८० मध्ये दहा-वीस, तर ती काढाच. ती ठेवून मिळणाऱ्या फळांपेक्षा बाकीच्यांना असलेला धोका मोठा आहे. काढण्याआधी त्या झाडांवर सायलाची फवारणी करा आणि मग तोडा, नाहीतर तोडताना किडी उडून शेजारी जातात. बुंधा उपटून काढा, राहिलेल्या बुंध्याचे फुटवे रोगटच येतात. पण निम्मा बगिचा रोगट निघाला तर सगळा तोडायला मी सांगणार नाही. मग सायला दाबून, पाणी-खत वाटून देऊन, ताण बंद करून काही वर्षं उत्पन्न घ्यायचं आणि दूर वेगळ्या तुकड्यात नवी लागवड सुरू करायची. हा निर्णय तुमच्या कर्जावर, पाण्यावर आणि घरात शेतीत कोण उतरणार आहे यावरही अवलंबून आहे, तो मी इथे बसून घेऊ शकत नाही. नवीन कलमं घेताना मातृवृक्ष, म्हणजे ज्या झाडांचे डोळे कलमांसाठी घेतले ती झाडं, तपासलेले आहेत का ते विचारा. ग्रीनिंग कलमाच्या या डोळ्यातूनही जातो, आणि स्वस्तात मिळालेलं एक रोगट कलम दहा वर्षांनी किती महाग पडतं ते तुमच्यासमोर उभं आहे.

पुढच्या वर्षीच्या ताणाबद्दल. अख्ख्या बगिच्याला एका तारखेला ताण देणं थांबवा. आता झाडांना रंगाने खुणा करा: निरोगी, संशयित, आजारी. निरोगी झाडांना ताण देताना दिवस मोजण्यापेक्षा पानं बघा. दुपारी मलूल झालेली पानं सकाळी सावरत असतील तोवर ठीक. सकाळी सहा वाजताही ती मान टाकून असतील तर त्या दिवशी ताण संपला, कॅलेंडर काही म्हणो. संशयित झाडांना वेगळा व्हॉल्व्ह बसवून हलकं पाणी चालू ठेवा, नैसर्गिकरीत्या येईल तेवढाच बहार घ्या. आजारी झाडाला ताण अजिबात नाही. ठिबकच्या लॅटरलला (ओळीतून जाणाऱ्या नळीला) साधे नळ टाकून हे होतं, माझ्या बगिच्यात सात ओळींना तसेच टाकलेत.

खणल्यावर मुळांचे आणि पेनाचे गोल काढलेल्या पानांचे फोटो इथेच टाका, आजारी आणि निरोगी शेजारी-शेजारी ठेवून, भर उन्हात न काढता सावलीत. आणि चाळीस झाडं बगिच्यात कुठे कुठे आहेत त्याचा हाताने काढलेला नकाशा. सलग पट्ट्यात असतील तर मी आधी पाण्याचा निचरा विचारेन, विखुरलेली असतील तर कलमांची खेप.